कणकेनं बुजवलेलं भोक

"फोटो मी काढते, आई. तुम्ही नका हात लावू," असं म्हणत भाविका जिजाबाईच्या आधीच भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

लग्नाचा तो फोटो हॉलच्या भिंतीवर इतका खाली टांगलेला होता की जिजाबाईसारख्या बुटक्या बाईलाही हात वर करावा लागला नसता. नवरानवरीचे चेहरे जेमतेम सोफ्याच्या पाठीच्या वर येत होते. आल्या दिवसापासून तिला ते खटकत होतं. पण सुनेच्या घरात कुठे काय टांगावं हे सासूनं सांगू नये, एवढं शहाणपण तिच्याकडे होतं.

"न्हाय गो, तू बस. सातवा लागलाय तुला," ती म्हणाली आणि तिनं फोटो उतरवला.

मागे भोक होतं. त्यावर पांढरं काहीतरी फासलेलं, वाळून तडे गेलेलं, मध्ये खळगा पडलेला. भूपेशनं सांगितलंच होतं तिला. "आई, कपाट सरकवताना भिंतीला लागलं. छोटंसंच भोक आहे. उद्या रंगारी येतोय, तो म्हणतो भोकं आधी बुजवून सुकवून ठेवा. तू आहेसच, तर तेवढं करशील?"

करशील काय म्हणून विचारायचं? जिजाबाईचं निम्मं आयुष्य लोकांच्या भिंतींची भोकं बुजवण्यात गेलं होतं.

ती उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरी गावची. नवरा जयकुमार मिठागरात कामाला होता. मोठा शांत माणूस, घरात आवाज चढवायचा तर त्याला खोकला येई, असं लोक गमतीनं म्हणत. भूपेश शाळेत असतानाच तो काविळीनं गेला. तेव्हा मीरा रोडला जिकडे पाहावं तिकडे बांबूच्या परांच्या बांधलेल्या असत, आणि आसपासच्या गावांतल्या बायका घमेली उचलायला जात. जिजाबाईही गेली. पुढे रंगकामाच्या एका मुकादमानं तिचा हात बघून तिला आतल्या कामाला घेतलं. खिळ्यांची भोकं भरायची, पुट्टी मारायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची. संध्याकाळी ती गिरणीतून आल्यासारखी पांढरी होऊन घरी येई, तेव्हा भूपेश अंगणात पाण्याची बादली भरून ठेवून वाट बघत असे. आईला पाटावर बसवून तिच्या केसांतली पुट्टी तो बोटांनी सोडवत बसे. केस ओढला जाऊ नये म्हणून किती जपून. गावातल्या बायका आपल्या पोरांना म्हणत, बघ जरा जिजाबाईच्या भूपेशकडे.

नोकरीला लागल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे आईचं काम सोडवलं. हायवेवरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये तो सेल्सला होता. भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आत त्यानं हा फ्लॅट घेतला, वरसावेची भाविका त्याला सांगून आली, लग्न थाटात झालं. अजूनही आई आली की तो तिचा पाय मांडीवर घेऊन गुडघ्याला तेल चोळून देई. शनिवारी भाविकाची ओटी भरायची होती. पाहुण्यांच्या आधी घराला रंग काढायचा त्याचा हट्ट होता, आणि आईही मदतीला चार दिवस आधी आली होती.

जिजाबाईनं जमिनीवर पेपर अंथरला. सामान तिनं दुपारीच खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं होतं. थोडं सिमेंट, चाळलेली रेती, पुट्टीची पिशवी, थापी, पुट्टी ओढायची लोखंडी पत्ती. ती गुडघा सांभाळत खाली बसली आणि पत्तीचं टोक तिनं भोकाच्या कडेला लावलं.

"जास्त उकरू नका, आई," भाविका मागून म्हणाली. "वरून पुट्टी मारली तरी चालेल. रंग आला की दिसणार नाही."

"आतलं सुटं काढल्याबिगर पुट्टी धरत न्हाय. दोन महिन्यांत परत खाली येल."

"आली तर आली."

जिजाबाईनं मान वळवून बघितलं. भाविकानं सोफ्याची कड धरली होती. तिला थकवा आला असेल, असं वाटून ती परत भिंतीकडे वळली. पत्ती आत घातली तर ती नुसती रुतली. प्लॅस्टर असं कधी लागत नाही. तिनं जरा जोर लावून खरवडलं, तसा एक गोळा सुटून पेपरवर पडला. वरून कडक, आतून करडा आणि चिवट. त्याला आंबूस वास होता. भोकातून मुंग्यांची ओळ बाहेर आली आणि भिंतीवर पांगली.

तिनं गोळा बोटांत धरून दाबला.

"हे काय गो? कणीक हाय?"

भाविकानं नुसती मान हलवली.

"आणि वरचं हे पांढरं?"

"टूथपेस्ट."

जिजाबाईला हसू फुटलं. "येडी हायस काय? मी मेली होती काय? फोन करायचा की एक. कणकेनं कोण भिंत बुजवते?" बोलता बोलता तिचं हसू मध्येच थांबलं, कारण भाविका हसत नव्हती. ती टेबलावरच्या मोबाइलकडे बघत होती.

जिजाबाईनं उरलेली कणीक खरवडून काढली, कुंचल्यानं धूळ झटकली. भोक आता पुरतं दिसलं. मुठीएवढं गोल, चांगलं खोल, आतल्या विटेचाही टवका उडालेला. कपाट म्हणाला होता भूपेश. कपाट होतं ते आतल्या खोलीत, लग्नात आलं तेव्हापासून एकाच जागी. हॉलमध्ये होता सोफा, टेबल, टीव्ही आणि चपलांचा स्टँड. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, आणि तो तिला विचारायचा नव्हता.

तेवढ्यात मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. भाविकानं तो उचलण्याआधी ओढणीनं चेहरा पुसला.

"झालं का काम?" भूपेशचा आवाज आला.

"करतायत आई."

"दाखव बघू."

भाविकानं मोबाइल आपल्या अंगाशी घेतला आणि पाठ भिंतीकडे केली. "हात खराब आहेत त्यांचे. सिमेंट कालवतायत. झालं की दाखवते."

"दाखव म्हणतोय ना."

जिजाबाई खालूनच म्हणाली, "अरे, अजून काय दिसायचं त्याच्यात? तू तुझं काम कर."

"बरं बरं. आई, जास्त वेळ खाली बसू नकोस हां. गुडघा धरेल." आवाज मऊ झाला, आणि फोन बंद झाला.

भाविकानं मोबाइल उलटा ठेवला. मग जिजाबाईजवळ येऊन, पोटाला हात लावत, कष्टानं वाकून तिनं पेपरवरचे कणकेचे तुकडे गोळा करायला घेतले. "हे मी टाकून येते. कणीक निघाली हे ह्यांना नका सांगू, आई. आत सिमेंट भरलंय, वरचंच काम राहिलंय, असं मी सांगितलं होतं."

"न्हाय सांगत. पण एवढं घाबरायला काय झालं?"

"घाबरत नाही. चहा टाकते."

जिजाबाईनं जुन्या थाळीत सिमेंट आणि रेती कालवली. भोकात पाणी शिंपडलं. स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज येत होता, पण तो ओट्यावर लाटणं आपटल्यासारखा. ती उठून दारापर्यंत गेली. लग्नात सुनेला दिलेला पितळी खल ओट्याच्या कोपऱ्यात होता. खलात बत्ता नव्हता. भाविका आलं पोळपाटावर ठेवून लाटण्यानं चिरडत होती.

"बत्ता कुठाय?"

लाटणं थांबलं.

"हरवला."

तो बत्ता जिजाबाईच्या सासूचा होता. जड, एका हातात धरला तर मनगट भरून येई. घरात सुई हरवते, चमचा हरवतो. तो बत्ता कसा हरवेल? जिजाबाईला भिंतीवरचं ते गोल भोक डोळ्यांसमोर दिसलं. ती तिथेच दाराच्या चौकटीला टेकली.

"भाविका, गॅस बंद कर. हिकडं बघ माझ्याकडं."

भाविकानं गॅस बंद केला, पण ती वळली नाही.

"कोणी मारला बत्ता?"

खाली सोसायटीच्या आवारात कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तिला लाथा घातल्याचा आवाज वर येत होता.

"तांदळाच्या डब्यात लपवलाय," भाविका ओट्याकडे बघतच म्हणाली. "तळाशी. परत हाताशी येऊ नये म्हणून."

"तुला लागला?"

"नाही. मी खाली वाकले."

एवढंच ती बोलली. जिजाबाईनं ते ऐकलं आणि मनात फिरवून पाहिलं. वाकली म्हणून नाही लागला. भिंतीवरचं भोक सोफ्याच्या पाठीपेक्षा थोडं वर होतं. भाविका सोफ्यावर बसली असणार.

"कशावरून?"

"भाजीत मीठ पडलं नव्हतं. म्हणजे त्यावरून सुरू झालं. मग माझ्या नोकरीवरून. मी लॅबमधलं काम सोडत नव्हते ना. नंतर सोडलंच." ती आता वळली होती. रडत नव्हती. "आई, बाहेर कुणाला खरं वाटणार नाही. समोरच्या कोकिळाबेन मला सांगतात, तुमचे मिस्टर किती सज्जन, लिफ्ट धरून उभे राहतात."

"भिंतीला पयल्यांदाच?"

भाविका आतल्या खोलीत गेली. कपाटाच्या बाजूला एक कॅलेंडर होतं, ते तिनं उचलून धरलं. खाली आणखी एक बुजवलेला डाग होता, लहान, पिवळट. मग कॅलेंडर सोडून तिनं कुर्त्याची बाही कोपराच्या वर सरकवली आणि लगेच परत खाली ओढली. जिजाबाईला जे दिसायचं ते दिसलं होतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हा माझा नाही. मग आलं, याच्या बापानं उभ्या जन्मात माझ्यावर हात उगारला नाही, मग हे घरात आलं कुठून? आणि मग, स्वतःलाच लाज वाटावी असा एक विचार आला. अजून कुणाला कळलेलं नाही. भोक बुजवावं, पोराला एकांतात चार शब्द सुनवावेत, ओटीभरण पार पाडावं, मूल झालं की येईल ताळ्यावर. असे संसार तिनं गावात पुष्कळ पाहिले होते. बायका म्हणायच्या, मूल झालं की पुरुष निवतो. त्यातला एकही निवलेला तिला आठवेना.

"तुझ्या आयला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, सातव्या महिन्यात माहेरी आलीस तर लोक काय समजतील. थोडं सांभाळून घे."

"आणि मला का न्हाय सांगितलंस?"

भाविकानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुमचा मुलगा आहे तो."

जिजाबाई उठून हॉलमध्ये आली. थाळीतलं सिमेंट कडेनं घट्ट व्हायला लागलं होतं. आता लावलं तर लागेल, थोड्या वेळानं वाया जाईल, हे तिचे हात तिला सांगत होते. तिनं थापीवर गोळा घेतलासुद्धा. मग तसाच परत थाळीत टाकला आणि सोफ्यावर बसून राहिली. भाविका दोन कप चहा घेऊन आली. आल्याचा चहा दोघींनीही गार होईपर्यंत नुसता हातात धरला.

लॅचमध्ये चावी फिरली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. भूपेश रोजच्यापेक्षा लवकर आला होता.

"काय, चहा चाललाय सासू-सुनेचा?" बूट काढता काढता तो म्हणाला. हातात फरसाणची पिशवी होती, आईला आवडतं ते. "गुडघा कसा आहे?" मग त्याची नजर भिंतीवर गेली. उघडं भोक, खाली थाळी. पेपरच्या घडीत राहून गेलेला कणकेचा एक तुकडा. तो त्यानं पायाच्या अंगठ्यानं सरकवून बघितला.

मग त्यानं भाविकाकडे बघितलं. आईकडे नाही, तिच्याकडे. चेहऱ्यावर अजून हसू होतं, नुसते डोळे बदलले होते. जिजाबाईनं ही नजर आजवर पाहिलेली नव्हती. जिच्यासाठी ती होती, तिनं मात्र ताबडतोब कप खाली ठेवला.

"तू काय सांगितलंस आईला?"

"तिनं काय न्हाय सांगितलं. मी विचारलं," जिजाबाई म्हणाली. "बत्ता तू मारलास?"

"कसला बत्ता? आई, कपाट लागलं म्हटलं ना."

"कुठलं कपाट?"

भूपेशनं पिशवी टेबलावर ठेवली. "हे बघ, ते जाऊ दे. एवढंसं भोक. तू भरणार होतीस, भरलं नाहीस. उद्या रंगारी येतोय, परवा घरभर माणसं. मीच भरतो." त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि थापी उचलली. थाळीतलं सिमेंट आवळून आलं होतं, त्याचे ढेकळासारखे तुकडे तो भोकात कोंबू लागला. एक बसला की दुसरा बाहेर पडे. दोन-तीनदा झालं तसा त्याचा श्वास मोठा झाला.

"भूप्या, ते आता धरायचं न्हाय."

"धरेल."

"मी विचारते त्याचं उत्तर दे."

"काय उत्तर देऊ?" तो वळला. "दिवसभर माझ्या डोक्यावर टार्गेट असतं, घरी आलो की हिचं तोंड. तुला माहितीये ही किती उलट बोलते? तुझ्यासमोर गरीब गाय. एकदा झालं चुकून."

"एकदा?" भाविका म्हणाली. फार हळू, स्वतःशी बोलल्यासारखं.

भूपेशनं थापीसकट हात भिंतीवर आपटला.

तो तिच्यापासून लांब होता, तिला काही लागणार नव्हतं. पण आवाज झाला मात्र, भाविका सोफ्यावरच दुमडली. एक हात डोक्यावर, एक पोटाखाली, गुडघे आत. आणि ती तशीच राहिली, पुढचा आवाज येईपर्यंत थांबणाऱ्या माणसासारखी. एकदा चुकून झालेल्या गोष्टीला अंग असं सरावत नाही.

जिजाबाई उठली. आपण केव्हा उठलो, मध्ये केव्हा जाऊन उभ्या राहिलो, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

"थापी खाली ठेव."

त्यानं ती खाली ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटली.

"भाविका, तुझी पिशवी घे. डोंगरीला जाऊ."

दवाखान्यासाठीची बॅग भाविकानं महिन्याभरापासून भरून ठेवली होती. ती आत गेली आणि ती बॅग घेऊनच बाहेर आली. भूपेश तोवर मुख्य दाराला पाठ लावून उभा राहिला होता.

"कुठे जायचं नाही. शनिवारी माणसं येणारेत. काय सांगू मी त्यांना?"

"मी सांगन."

"काय सांगशील?"

"झालं ते."

"आई, तू माझी आई आहेस ना?"

"म्हणून तर हितं उभी हाय. सरक."

तो सरकला नाही. तिघेही तसेच उभे. पॅसेजमध्ये लिफ्टचं दार वाजलं, कोकिळाबेनचा नातू कुणाशी तरी हिंदीत बोलत गेला. जिजाबाईच्या मनात येऊन गेलं की याला बाजूला ढकलायची ताकद आपल्यात नाही. हा आपल्यापेक्षा हातभर उंच आहे. यानं हात उगारला तर आपणही वाकणार का?

पण भूपेशनं हात उगारला नाही. तो दाराशी घसरत खाली बसला आणि रडू लागला. तोंड हातांत घेऊन, हुंदके देत, बाप गेला तेव्हा रडला होता तसा. "मला कळत नाही गं काय होतं ते," तो म्हणाला. "नंतर मलाच माझी घाण वाटते. तू नको जाऊ. तिला सांग थांबायला. आता नाही होणार. बाळाची शपथ."

हेच तर जिजाबाईला हवं होतं. पोरानं कबूल केलं, पोर रडलं, तिचा भूपेश परत आला. ती खाली वाकली, तिचा हात त्याच्या केसांपर्यंत गेला.

"मागच्या वेळीही ते असेच रडले होते," भाविका म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता, ना तक्रार. "अशीच शपथ घेतली होती."

हात तिथेच थांबला. जिजाबाईनं तो मागे घेतला. आयुष्यात इतकं जड काही उचललं नव्हतं, असं ती पुढे भाविकाला एकदा म्हणाली, सिमेंटची गोणीसुद्धा नाही.

"ऊठ, भूपेश," ती म्हणाली. एरवी ती त्याला पूर्ण नावानं हाक मारत नसे. "तोंड धू. पोर आजारी असतं तर मी डॉक्टरकडं नेलं असतं, तसं तुलाही नेन. पण ही आधी जायला पायजे. उघड दार."

तो उठला. त्यानं दार उघडलं आणि बाजूला झाला.

खाली रिक्षावाला नाखूश होता. "डोंगरी? उधर से खाली आना पड़ेगा, मौसी."

"मीटर के ऊपर जो होगा दे देगी. पेट से है ये. आराम से चलाना," जिजाबाई म्हणाली आणि आत बसली. पुलावरून पश्चिमेला उतरून रिक्षानं राई-मुर्धा ही गावं मागे टाकली. मोबाइल सारखा वाजत होता. भाविकानं तो बंद करून बॅगेत टाकला, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. जिजाबाईनं तिचं डोकं खांद्यावर घेतलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, मग त्यानं बघणं सोडलं आणि खड्डे चुकवत रिक्षा हळू घेतली.

दुसऱ्याच दिवशी वरसावेहून भाविकाचे वडील दशरथभाऊ आले. जिजाबाईला वाटलं, लेकीसाठी भांडायला आले असतील. ते दारापुढच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "विहीणबाई, जावई माझ्याकडे येऊन गेला. पाया पडला. आता हे बाहेर काढून कुणाचं भलं व्हायचंय? समजुतीनं मिटवू."

"तुम्ही तिचा दंड बघितलात?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बघा," जिजाबाई म्हणाली. "भाविका, दाखव बाबांना."

भाविकानं बाही वर केली. दशरथभाऊंनी एकदा बघितलं आणि ते अंगणातल्या शेवग्याकडे तोंड करून उभे राहिले. जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मिटवण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

ओटीभरण डोंगरीलाच झालं. ज्यांना यायचं होतं ते आले. बायकांनी कुजबुजत विचारलं तेव्हा जिजाबाईनं जिला तिला एकाच आवाजात सांगितलं, माझ्या पोरानं हिला मारलं म्हणून ही इथे आहे. काहींना हे सांगणंच मारण्यापेक्षा वाईट वाटलं. जयकुमारची बहीण ताटावरून उठून गेली. पोटच्या पोरावर उलटली, असं ती अजूनही सांगत फिरते.

पुढच्या आठवड्यात भाविकानं पोलीस ठाण्यात तक्रार दिली. जाऊ की नको असं तिचं चार दिवस चाललं होतं, जिजाबाईनं ना ढकललं, ना अडवलं. ठरलं तेव्हा मात्र ती बरोबर गेली. तिथल्या बाई पोलिसांनी विचारलं, "तुम्ही मुलीच्या आई का?" "न्हाय," ती म्हणाली, "मुलाची." बाईंनी पेन थांबवून वर बघितलं आणि तिला आधी खुर्ची दिली. जबाबाखाली अंगठा न लावता तिनं सही केली, भूपेशनंच लहानपणी तिला शिकवलेली.

रंगारी ठरल्याप्रमाणे आला होता म्हणे. त्यानं ते भोक स्वतःच बुजवलं आणि हॉल रंगवून गेला. भूपेश त्या रंगवलेल्या घरात एकटा राहतो. केस चालू आहे. वकिलानं सांगितलं म्हणून असो की स्वतःला वाटलं म्हणून, तो दर आठवड्याला बोरिवलीच्या एका समुपदेशकाकडे जातो. त्यानं फरक पडलाय का, असं विचारलं तर जिजाबाई म्हणते, मला न्हाय ठाऊक. तिला खरंच ठाऊक नाही.

भाविकाला मुलगी झाली, चांदणी. भाविका परत लॅबच्या कामाला लागली, सकाळची उत्तनहून येणारी बस धरून जाते. दिवसभर पोर आजीकडे असते. रविवारी भूपेश येतो. ओट्यावर बसतो, लेकीला मांडीवर घेतो, आणि तो असेपर्यंत जिजाबाई हातातलं काम घेऊन उंबऱ्यात बसून असते. कोळंबी सोलते, तांदूळ निवडते, पण उठत नाही. भाविकाला वाटलं तर ती बाहेर येते, नाही वाटलं तर येत नाही.

मागच्या रविवारी पोर त्याच्या खांद्यावर झोपलं. तो म्हणाला, "आई, आत पाळण्यात ठेवू?"

"दे माझ्याकडं," जिजाबाई म्हणाली आणि उठून तिनं पोरीला घेतलं. त्याचा हात क्षणभर रिकामाच हवेत राहिला. मग तो ओट्यावरून उतरला, चप्पल घातली आणि म्हणाला, "येतो."

"जेवून जा," ती म्हणाली. "बोंबलाचं कालवण हाय. बाहेर पान घेते तुझं."

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग चप्पल काढून परत बसला.